गाडी नेमकी केव्हा अडते?

दीड-दोन लाख किलोमीटर पळालेली डिझेल गाडी एखाद्या दिवशी वेगळं वागायला लागते. सकाळी सुरू व्हायला वेळ घेते, चढाला ओढत नाही, उभी असताना थरथरते, नाहीतर मध्येच धूर मारते. मालक गॅरेजात जाऊन सांगतो, ‘पिकअप गेलाय, बघा जरा.’ मेकॅनिक बोनेट उघडतो, दोन-चारदा रेस करून बघतो आणि गॅरेजच्या दारात गाडी नेमकी बरी चालते. मग अंदाजाने एक भाग बदलला जातो, आठवड्याने दुसरा. बिल टर्बो-इंजेक्टरपर्यंत पोचल्यावर कळतं की दोष एका चिरलेल्या रबरी पाइपात होता.

जुन्या डिझेल गाडीवर वाया जाणारा बहुतेक पैसा असाच जातो. काय बिघडलंय हे शोधणं मेकॅनिकचं काम आहे, पण केव्हा बिघडतं हे सांगणारे तुम्ही एकटेच असता, कारण रोज गाडी तुम्ही चालवता. म्हणून गाडी गॅरेजात टाकण्याआधी चार-सहा दिवस एक साधी वही गाडीत ठेवा. दोष दिसला की लिहा: इंजिन थंड होतं की तापलेलं? सपाटीला की चढाला? किती फेऱ्यांवर? एसी चालू होता का? पाऊस होता का? टाकीत डिझेल किती होतं? आणि याआधी गाडीचं कुठलं काम केलं होतं? शेवटचा प्रश्न विसरू नका. सर्व्हिसिंगनंतर दोन दिवसांत सुरू झालेला त्रास पुष्कळदा त्या सर्व्हिसिंगमध्येच जन्मलेला असतो. नीट न बसलेला पाइप किंवा अर्धवट लागलेला कनेक्टर त्याच्या मुळाशी सापडतो.

रत्नागिरीजवळच्या मिरजोळे परिसरात राहणाऱ्यांना एक सोय आहे. इथून बाहेर पडलं की एकाच वाटेवर गाडीची सगळी परीक्षा होते. कुवारबावची गर्दी, हातखंब्याचा चढ-उतार, पालीपर्यंतचा महामार्ग, पुढे नाणीज-साखरप्याचा रस्ता आणि शेवटी आंबा घाट. ‘साखरपा सोडल्यावर घाटात तिसऱ्या गिअरला गाडी मरते, वर पाच मिनिटं थांबलं की पुन्हा नीट चालते’ असं सांगितलंत, तर जाणत्या माणसाचं अर्धं काम झालेलं असतं.

आता या इंजिनांविषयी थोडं. आपल्याकडच्या रस्त्यांवर या वयाला आलेल्या गाड्यांत स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा यांचा भरणा मोठा आहे, आणि यांतल्या बहुतेकांच्या पोटात फियाटने घडवलेलं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन आहे. मारुतीने ते डीडीआयएस नावाने आणि टाटाने क्वाड्राजेट नावाने विकलं. २००७ मध्ये ते स्विफ्टमध्ये आलं. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. म्हणजे मारुतीची प्रत्येक डिझेल गाडी आता वयस्कर झाली आहे. शिवाय बोलेरो आणि इनोव्हा आहेतच. ही बहुतेक कॉमन रेल पद्धतीची इंजिनं. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या इटालियन मोटारीतून ही पद्धत प्रवासी गाड्यांत आली. तिच्यात पंप डिझेलचा दाब एका नळीत साठवतो आणि संगणकाच्या हुकमाने इंजेक्टर उघडतात. तुमच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते. या नळीत जोर लावताना हजाराच्या वर बार दाब असतो. इतक्या दाबावर काम करणाऱ्या भागांतली फट मायक्रॉनमध्ये मोजतात, म्हणून पाण्याचा थेंब किंवा गंजाचा कण त्यांना घातक ठरतो.

इथेच एक सावधगिरी. जुन्या सुमोच्या जमान्यात चालू इंजिनवर एकेका नोझलचा नट सैल करून कुठला सिलिंडर मिसिंग मारतोय ते बघत. कॉमन रेल गाडीवर असं कुणालाही करू देऊ नका. त्या दाबाची धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमावण्याची वेळ येते. गळती शोधण्यासाठीही चालू इंजिनच्या नळ्यांवरून हात फिरवायचा नाही.

सकाळी सुरू न होणं ही सगळ्यांत जास्त ऐकू येणारी तक्रार. मैदानी मुलखात पहिला संशय ग्लो प्लगवर, म्हणजे थंड सिलिंडर तापवणाऱ्या प्लगवर घेतात. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर थंडीच इतकी बेताची असते की, ग्लो प्लग गेलेले असले तरी गाडी इथे वर्षभर निमूट सुरू होते आणि डिसेंबरात कोल्हापूरला मुक्काम झाला की पहाटे पांढरा धूर मारत खोकते. तेव्हा इथे, घरच्या अंगणात, गाडी सुरू होत नसेल तर आधी दुसरीकडे बघा.

आधी स्टार्टरचा आवाज ऐका. तो मंद, दमलेला असेल तर बॅटरी, तिची टोकं आणि इंजिनला जोडलेली अर्थची पट्टी तपासा. खाऱ्या हवेत ही पट्टी आतून गंजते आणि नवी बॅटरी घालूनही फरक पडत नाही. नळीत ठरावीक दाब तयार होईपर्यंत कॉमन रेलचा संगणक इंजेक्टर उघडतच नाही, त्यामुळे स्टार्टर हळू फिरला की गाडी सुरू होण्याची शक्यताच कमी होते.

स्टार्टर जोरात फिरतोय आणि तरीही दहा-पंधरा सेकंद लागत असतील, तर कोकणातल्या घरांना जमणारी एक परीक्षा आहे. आपली बहुतेक अंगणं उताराची. एक रात्र गाडी नाक वर करून लावा, दुसऱ्या रात्री नाक खाली करून. नाक वर असताना सकाळी त्रास होतो आणि नाक खाली असताना गाडी पटकन सुरू होते, असं दिसलं तर डिझेल रात्रीतून मागे टाकीकडे उतरतंय. म्हणजे लाइनमध्ये कुठेतरी गाडी ‘एअर घेते’. फिल्टरची सील, हातपंपाचा रबर, क्लिप सैल झालेला परतीचा पाइप, ही ठिकाणं बघायची. अशा दोषात डिझेल बाहेर गळताना दिसेलच असं नाही. हवा आत जाते, डिझेल बाहेर येत नाही. फिल्टरजवळ थोडा वेळ पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. खर्च किरकोळ. याच लक्षणावर हाय-प्रेशर पंप काढून पाठवले जातात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

गाडी थंड असताना ठीक आणि तापल्यावर बंद केली की पुन्हा सुरू व्हायला छळते, असं असेल तर गोष्ट वेगळी. झिजलेल्या इंजेक्टरमधून जास्त डिझेल परत वाहतं आणि गरम डिझेल पातळ झाल्यावर हे वाहणं वाढतं. त्यासाठी प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एकेक बाटली जोडून ठरावीक वेळात किती डिझेल जमतं ते बघतात. एका बाटलीत इतरांपेक्षा ठळकपणे जास्त आलं, तर तो एक इंजेक्टर संशयित. पंप-नोझलचं काम करणाऱ्याकडे ही चाचणी सहज होते. ती न करता ‘चारही बदला’ म्हणणाऱ्याला थांबवा.

चढाला न ओढण्याचा भाग जरा सावकाश बघू, कारण सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. पहिला प्रश्न इंजिनचा नाहीच. चढावर एक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनच्या फेऱ्या वाढतात आणि वेग मात्र तिथेच राहतो का? मग क्लच घसरतोय. जळका वासही येईल. फेऱ्याही वाढत नाहीत, गाडी जड झाल्यासारखी वाटते आणि मायलेजही उतरलंय? सपाटीला गाडी मोकळी सोडून बघा आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरून आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन उष्णता बघा. पावसाळ्यानंतर कॅलिपरच्या पिना गंजून ब्रेक अर्धवट धरलेला राहणं समुद्राजवळच्या गाड्यांत नेहमीचं आहे. इंजिनला उगाच दोष लागतो.

हे दोन्ही नसेल तर दोष कसा येतो ते पाहा. सपाटीला गाडी छान, पण लांब चढावर हळूहळू दम तुटत जातो आणि थोडं थांबल्यावर पुन्हा ताकद येते: डिझेल फिल्टर तुंबलाय किंवा टाकीतली जाळी भरली आहे. इंजिनला सतत जास्त डिझेल लागतं तेव्हाच ही कमतरता उघडी पडते. एका दिवशी अचानक ताकद गेली, जोर लावला की फुस्स किंवा शिट्टीसारखा आवाज येतो आणि मागे काळा धूर: टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा एखादा पाइप फाटलाय. फटीभोवती तेलकट ओल दिसते, पण फट कधीकधी पाइपाच्या खालच्या बाजूला असते, म्हणून पाइप काढून, वाकवून बघायला लावा. तिसरा प्रकार असा, की चढावर एकदम ताकद जाते, गाडी ३,००० फेऱ्यांच्या आसपास अडते, इंजिनचा दिवा लागतो, आणि गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं ठीक. इथे संगणकाने स्वतःहून ताकद कमी केलेली असते. टर्बोचा दाब मागणीपेक्षा जास्त किंवा कमी झाला, किंवा एखाद्या सेन्सरची नोंद पटली नाही, की तो असं करतो. टर्बोवर नियंत्रण ठेवणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्या आधी बघा. त्या वयाने कडक होऊन चिरतात आणि टर्बो विनाकारण बदलला जातो.

घाट चढून वर चहाला थांबलात, तर किल्ली फिरवण्याआधी इंजिन मिनिटभर मंद चालू द्या. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेत असतो आणि इंजिन बंद होताच त्याचं ऑइल थांबतं. तापलेल्या दांड्यावर उरलेलं ऑइल जळून साचतं आणि पुढच्या पन्नास हजार किलोमीटरांत त्याचा हिशोब होतो.

धुराचा रंग सगळ्यांना ठाऊक असतो. धुराची वेळ कुणी सांगत नाही. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी: एअर फिल्टर, फाटका पाइप, काजळीने उघडा राहिलेला ईजीआर व्हॉल्व, नाहीतर जास्त ओतणारा इंजेक्टर. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. उतार उतरून पुन्हा एक्सिलरेटर दिल्यावर निळा फुगा आला तर व्हॉल्वच्या सील किंवा टर्बोच्या सील बघाव्यात, आणि सतत येत असेल तर रिंगा. पांढरा धूर थंड इंजिनवर येऊन मिनिटात गेला तर चिंता नको. गरम झाल्यावरही राहिला, गोडसर वास आला आणि कुलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट किंवा ईजीआरचा कूलर. पीयूसीच्या जुन्या पावत्या फेकू नका. भारत स्टेज ४ च्या डिझेल गाडीला धुराच्या दाटपणाची मर्यादा ५० हार्ट्रिज एकक आहे, त्याआधीच्या गाड्यांना ६५. मर्यादेच्या आत असूनही आकडा दर खेपेस चढत असेल, तर इंजिनच्या श्वासोच्छ्वासात काहीतरी बदलतंय.

आवाजांपैकी तीन ओळखा. सकाळी सुरू होताना दोन-तीन सेकंद खडखड आणि मग शांतता: १.३ मल्टिजेटमध्ये टायमिंग चेन आणि तिचा ऑइलवर चालणारा टेन्शनर यांच्याकडे लक्ष द्या. या इंजिनात ऑइल तीन लिटरच्या आसपासच मावतं, त्यातलं अर्धा लिटर कमी होणं लहान गोष्ट नाही. उभ्या गाडीत खडखड आणि क्लच दाबला की बंद: क्लच-फ्लायव्हीलच्या बाजूचं काम. इंजेक्टरच्या बुडाशी चफ-चफ असा आवाज, केबिनमध्ये डिझेलचा धूर आणि डांबरासारखी काळी पुटं: इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर गेलाय. हा वॉशर अगदी स्वस्त असतो. दुर्लक्ष केलं, तर काजळी दगडासारखी जमून इंजेक्टर हेडमध्ये अडकतो आणि हेड उतरवावं लागतं.

काही वेळा मात्र वहीत लिहायला थांबायचं नाही. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर पुढचं गाव दिसत असलं तरी गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला तरी तेच, आणि रेडिएटरचं झाकण तासभर उघडू नका. सगळ्यांत भयंकर प्रसंग म्हणजे इंजिनच्या फेऱ्या आपोआप चढत जाणं, मागे निळ्या-पांढऱ्या धुराचा लोट, आणि किल्ली बंद केली तरी इंजिन न थांबणं. टर्बोची सील फुटून इंजिन स्वतःचंच ऑइल इंधन म्हणून खातंय; डिझेल तोडून उपयोग नसतो. हातगिअरच्या गाडीत ब्रेक पूर्ण दाबून धरा, हँडब्रेक ओढा, सर्वांत वरचा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन गुदमरून बंद पडतं. जमलं नाही, किंवा गाडी ऑटोमॅटिक असेल, तर सगळ्यांना उतरवून लांब जा. हवेच्या वाटेला हात किंवा कपडा लावायला जाऊ नका.

याच धोक्याचा एक संथ प्रकार भारत स्टेज ६ च्या गाड्यांत आहे. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी पकडणारा फिल्टर असतो आणि तो जाळून साफ करायला इंजिन मधूनमधून जादा डिझेल सोडतं. त्यासाठी गाडी तापून सलग काही वेळ पळावी लागते. मिरजोळ्याहून शहरात, शहरातून परत, एवढंच रोजचं जाणं असेल तर ही सफाई दर वेळी अर्धवट राहते, जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी इतकी वाढू शकते की इंजिन तेच ऑइल ओढायला लागतं. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर दिसलं आणि डिझेलचा वास आला, तर ऑइल ताबडतोब बदला. आठवड्यातून एकदा पालीपर्यंत महामार्गाने जाऊन या. तो फिल्टर किंवा ईजीआर काढून टाकण्याचा सल्ला घेऊ नका. ते बेकायदा आहे आणि मूळ दोष तिथेच राहतो.

आपला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. जुनी गाडी जूनमध्ये वेगळी वागायला लागली, तर डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी काढून बाटलीत बघा. पाणी खाली बसलेलं स्पष्ट दिसतं. मुंबईकरांची गावी उभी असलेली गाडी गणपतीत बाहेर निघते तेव्हा तर हे हवंच, कारण अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचं पाणी होतं. उंदरांनी कुरतडलेल्या वायरींमुळे येणारे दोष येतात-जातात, कधी पावसातच दिसतात. ते सेन्सर बदलून सुटत नाहीत.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शहरभर शिरलं, त्यात गाड्याही बुडाल्या. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे हे होतं, आणि अशा गाड्या साफ होऊन पुन्हा बाजारात येतात. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून पाण्यातही ते चालत राहतं आणि हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये ओढतं. पाणी दाबलं जात नाही; कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड घेऊन गाडी पुढे कित्येक महिने चालू शकते, थोडी ठकठक आणि एका सिलिंडरचं कमी कॉम्प्रेशन एवढ्याच खुणांवर. सीटखालचे रूळ गंजलेले, पट्टा पूर्ण ओढल्यावर चिखलाची रेघ, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर, असं काही दिसलं तर कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय व्यवहार करू नका. मीटरवरचा आकडा कमी दिसला तरी नाहीच.

स्कॅनरबद्दल. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना तो लागतो आणि जरूर लावावा, पण त्यावरचा कोड लक्षण सांगतो, गुन्हेगार नाही. ‘रेलचा दाब कमी’ असं आलं म्हणून पंप बदलायचा नसतो. तुंबलेला फिल्टर आणि वाहणारा इंजेक्टरही तोच कोड देतात. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो घ्या. स्कॅनर जोडून मेकॅनिकसोबत चढावर जा आणि संगणकाने मागितलेला दाब व प्रत्यक्ष मिळालेला दाब शेजारी-शेजारी बघायला सांगा. दोघांत तफावत कुठल्या क्षणी पडते, ते तिथे दिसतं.

खर्चाचा क्रम आधीच बोलून घ्या: फिल्टर, पाइप, क्लिपा, वायरी, अर्थ; मग चाचण्या; इंजेक्टर, पंप, टर्बो सगळ्यांत शेवटी. एका वेळी एकच बदल. दोन भाग एकदम बदलले तर कशाने गुण आला ते कळत नाही. काढलेला भाग परत मागून घ्या. इंजिन उघडायची वेळ आली असं सांगितलं, तर आधी चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन लिहून मागा. ऑइलचं झाकण काढल्यावर थोडी वाफ येणं या वयात स्वाभाविक असतं, तेवढ्यावर बोअरचं काम काढू नका.

आणि काम झालं की गाडी गॅरेजच्या दारात रेस करून ताब्यात घेऊ नका. वहीत जो चढ, जो गिअर, जेवढी माणसं आणि जेवढं तापलेलं इंजिन लिहिलंय, त्याच चढावर, त्याच गिअरला, तेवढ्याच ओझ्याने नेऊन बघा, एसी चालू ठेवून.